मूग, वाळू आणि तुमचा हात

अहो,

तुमच्याशी एवढं एका दमात मी कधी बोललेच नाही. वेळच नसायचा. तुम्ही वखारीत, नाहीतर मी नळावर. आता वेळ आहे तर तुम्ही नाही. मालू म्हणाली, "आई, तू लिहून काढ. बोलायला लागलीस की मध्येच थांबतेस." दहा वर्षांची पोर, पण बोलणं म्हातारीचं. तुमच्यावर गेलीये.

तेराव्याला आलेली मंडळी परवा गावी परतली. भांडी घासून झाली, सतरंज्या शेजारी पोचवल्या, उसनी आणलेली पातेली ज्यांची त्यांना दिली. मग भिंतीला टेकून बसले ती दिवेलागणीपर्यंत. रडावंसं वाटत होतं, पण रडायलाही अंगात काहीतरी शिल्लक लागतं.

या दिवसांत जो आला तो तुमच्या हाताबद्दल बोलला. वखारीतला एक म्हणाला, "वहिनी, गणपतीत यांनी एका फटक्यात कौलांची चळत फोडलेली." दुसरा म्हणाला, कौलं नव्हती, विटा होत्या. बंदरावरच्या एकाने तर तुम्ही बैलगाडीचा दांडा हाताने मोडल्याचं सांगितलं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी चहा देत होते. मनात म्हटलं, हे कुणाबद्दल बोलताहेत? गणपतीत तुम्ही एक नारळ फोडला होता, तोही मंडळाच्या पोरांनी पिच्छा पुरवला म्हणून. नंतर दोन दिवस तुम्ही त्या गल्लीतून गेला नाहीत. मला म्हणालात, "उगाच तमाशा केला. मिस्त्रीने पाहिलं असतं तर पिशवी काढून घेतली असती."

लोकांना माहीत असलेला तो हात त्यांच्यापाशीच राहू दे. माझ्या वाट्याला आलेला वेगळा होता.

लग्नात माझा हात तुमच्या हातात दिला, तेव्हाचं सांगते. मामींनी मला आधीच घाबरवून ठेवलं होतं. "लाकडाच्या वखारीत कामाला आहे, लढाईत ब्रह्मदेशातनं चालत आलाय. हात नुसता करवतीसारखा असेल हो." मी दात आवळून हात पुढे केला. आणि तुमचा तळवा जाड, पण मऊ निघाला. गरम. तव्यावरनं नुकती उतरवलेली तांदळाची भाकरी हातावर घ्यावी, तसा. वास मात्र दारूचा आणि कापराचा. तो मामींच्याही नाकात गेला असावा, कारण त्यांनी माझ्या कानाशी लागून म्हटलं, "अगो, पितो की काय हा?" कल्याणला आल्यावर पहिले काही दिवस मी तुमच्या तोंडाचा वास घेत असे. तुम्हाला वाटायचं, नवी नवरी जवळ येतेय. तोंडाला कधी वास आला नाही. फक्त हातांना.

मग एकदा कोपऱ्यातली चिनी मातीची बरणी मी लोणचं समजून उघडली. आत काळंकुट्ट पाणी, त्यात काड्या, मुळं, सालं, काय काय तरंगत होतं. भपकारा असा आला की डोळ्यांतून पाणी. तुम्ही मागे उभे होतात.

"हाताचं औषध आहे ते," म्हणालात.

"हाताला काय झालंय?"

"काही झालेलं नाही. होऊ नये म्हणून."

दुसऱ्या दिवशी उजाडताना मला त्या औषधाचा उपयोग कळला. चाळीच्या मागच्या पडवीत तुम्ही स्टुलावर कापडी पिशवी ठेवली होती. पाय फाकवून, घोड्यावर बसल्यासारखे गुडघ्यात वाकून उभे होतात. हात खांद्याच्या वर न्यायचात आणि सोडून द्यायचात. धप्प. मग उलटा हात. धप्प. मग तळहाताची कड. जोर लावलेला दिसत नव्हता, राग तर नव्हताच. ओलं धुणं दोरीवर टाकावं तसा हात पडत होता. मी विचारलं, "हे कसलं मारणं?" तुम्ही म्हणालात, "मारायचं नसतं, पडू द्यायचं असतं. मारलं की हाड दुखावतं. पडू दिलं की हाड शिकतं." आधी औषध चोळायचं, मग पिशवी, मग परत औषध, बोटन् बोट, सांधान् सांधा. आणि त्यानंतर बराच वेळ गार पाण्यात हात घालायचा नाही, म्हणजे नळावरचं पाणी कुणी भरायचं? मी. इतकी वर्षं मी. याचा राग तेव्हाही होता, आत्ता लिहितानाही आहे.

पिशवीत मूग होते. रेशनचे दिवस. दुकानापुढे तासन्‌तास उभं राहून पदरात धान्य पडायचं, आणि आपल्या घरात मूग पिशवीत शिवून बडवले जात होते! पहिलं भांडण त्यावरनं झालं.

"माणसं उपाशी आहेत आणि तुम्ही मुगाला मारताय."

"अगं, वर्षाला एकदाच बदलतो."

"आणि जुने?"

"पीठ होतं त्यांचं. टाकून देतो."

त्या वर्षी मी पिशवी उसवली, पीठ चाळलं, निवडलं आणि त्याची धिरडी घातली. तुमच्या ताटात वाढली, बोलले नाही. तुम्ही चार खाल्लीत. मग पाचवं उचलताना थांबलात, माझ्याकडे बघितलंत आणि इतके हसलात की ठसका लागला. "मिस्त्रीला हे सुचलं नाही कधी," म्हणालात. त्यानंतर दर वर्षी आपल्याकडे त्या मुगाची धिरडी झाली. तेवढ्यापुरती मी तुमच्या त्या उद्योगात सामील झाले.

हा मिस्त्री कोण, ते मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. तुम्ही सोळा-सतरा वर्षांचे असताना काकांच्या मागे रंगूनला गेलात, लाकडाच्या गिरणीत लागलात. डोकं तापट. एकदा कुणाशी तरी वाजलं आणि तुम्ही रागाने दरवाजावर मूठ मारलीत. दरवाजा तसाच, तुमचं बोट मोडलं. गिरणीत एक म्हातारा चिनी सुतार होता, चान नावाचा. त्याला सगळे चान मिस्त्री म्हणत. दिवसभर कुणाशी बोलायचा नाही. त्याने तुमचं बोट ओढून बसवलं, औषध लावून बांधलं आणि आपल्या मोडक्या हिंदुस्थानीत म्हणाला, "तेरा हाथ को मारना नहीं आता. दरवाजा को मालूम है, तेरे को नहीं मालूम." तुम्ही त्याची नक्कल करायचात, तेव्हा मालू लोळून हसायची. बोट बरं झाल्यावर त्याने तुम्हाला पिशवी दिली. आधी मूग. मूग पचले तर वाळू. वाळू पचली तर लोखंडाचे छर्रे. आणि एक नियम दिला: औषध नाही, तर फटका नाही. औषधाशिवाय हात पिशवीवर पडला तर वरून हात धडधाकट दिसतो आणि आतून मरतो.

हा नियम तुम्हीच मला सांगितला होता. म्हणून पुढचं सगळं मला समजलं नाही.

दारूबंदी आली. औषध मुरायचं ते दारूत. मुंबईला माझगावकडे चिनी माणसांचं एक दुकान होतं, तिथनं तुम्ही काड्या-मुळं आणायचात आणि इथे मोहाच्या दारूत घालायचात. आता घरात दारू ठेवणं गुन्हा झाला. दुसरा कुणी असता तर बरणी माळ्यावर लपवून मोकळा झाला असता. तुम्ही काय केलंत? बरणी पंच्यात गुंडाळलीत आणि सरळ चौकीवर नेलीत. परवानगी मागायला! मी म्हटलं, "अहो, असं कुणी करतं का?" तुम्ही म्हणालात, "औषध आहे. सांगितलं की कळेल त्यांना."

दुपार टळली तरी तुम्ही आला नाहीत. मी मालूला कडेवर घेऊन चौकीवर गेले. तुम्ही बाकावर बसला होतात, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे. हवालदार बरणीत डोकावत होता.

"बाई, तुमचे मालक म्हणतात, हे हाताला लावायचं. तोंडाला लावणारे लय बघितले, हाताला लावणारा हा पहिलाच."

चौकीतले सगळे हसले. तुम्ही शांतपणे परत सगळं सांगितलंत. पिशवी, मूग, रंगून. हवालदार खुर्चीत मागे रेलला. "असं? एवढा तयार हात? मग फोडा की हे टेबल. फोडलंत तर बरणी घेऊन जावा."

अहो, मी तुमच्याकडे बघितलं. मला वाटलं, फोडाच. एकदाच. मालू कडेवर होती, माझ्या पदराला तिचा शेंबूड लागलेला, ती माणसं हसत होती. तुम्ही उठलात. टेबलावरून हात फिरवलात, फळीचा सांधा बोटांनी चाचपलात आणि म्हणालात, "सागवान आहे, हवालदारसाहेब. जुनं, चांगलं. कशाला फोडायचं?"

त्यांनी तुम्हाला सोडलं, पण बरणी चौकीमागच्या गटारात ओतली. आपल्याला उभं करून, आपल्या डोळ्यांदेखत. परतताना काळ्या तलावापर्यंत आलो. मग म्हणालात, "सहा महिने मुरलं होतं." बस, तेवढंच.

मी मनातून सुटले होते, खोटं कशाला बोलू. म्हटलं, संपलं. आता औषध नाही, तर पिशवी नाही. आता सकाळचं पाणी हा माणूस भरेल. आणि दुसऱ्या दिवशी उजाडताना पडवीतून आवाज आला. धप्प.

मी उठून बाहेर आले. "औषध?"

"तिळाचं तेल लावलंय."

"तेल म्हणजे औषध?"

तुमचा हात वर गेला, खाली पडला.

त्यानंतर वर्ष-दीड वर्ष असंच चाललं. मुगाच्या जागी वाळू आली. हिवाळ्यात तुमची बोटं सकाळी वळेनाशी झाली. सदऱ्याची बटणं मी लावून देऊ लागले. वखारीत तुम्ही फळीवर हात फिरवून सांगायचात की आतून पोकळ आहे की भरीव. शेठ म्हणाले, अलीकडे चुकतो हा. आणि एका सकाळी मालू निपचित पडली होती. तुम्ही तिच्या कपाळावर हात ठेवलात आणि म्हणालात, "काही नाही, ताप नाही." मी हात लावला तर पोर भाजत होती. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही परत तिच्या कपाळाला हात लावलात. मग वाकून गाल टेकवलात. गालाला कळलं. हाताला कळलं नव्हतं. तुमचा चेहरा तेव्हा कसा झाला होता, ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

मालूचा ताप उतरला तसं मी तोंड उघडलं. वखारीला सुट्टी होती, तुम्ही उंबऱ्यावर बसला होतात.

"तुमच्या मिस्त्रीचाच नियम ना? मग का मोडताय? हात मारून टाकलात स्वतःचे. कुणाला मारायचंय तुम्हाला? कोण आहे तुमचा दुश्मन? मला तरी सांगा."

"कुणी नाही गं."

"मग?"

तुम्ही एकेक बोट ताणलंत. मग सांगितलंत. बॉम्ब पडायला लागले आणि रंगून रिकामं व्हायला लागलं, तेव्हा तुम्ही मिस्त्रीला म्हणालात, चल माझ्याबरोबर. तो म्हणाला, बायको अंथरुणाला खिळलीये, मी कुठे येऊ. त्याने आपलं अर्धं औषध तुमच्या बाटलीत ओतलं आणि म्हणाला, "रोज करना. तू उधर करेगा, तो मैं इधर समझेगा." डोंगरातून चालताना लोकांनी भांडी टाकली, अंथरुणं टाकली. काकांना वाटेतच ठेवावं लागलं. तुम्ही बाटली टाकली नाहीत.

"त्याची पुढे काही खबर नाही," म्हणालात. "जिवंत आहे की नाही, कोण सांगणार? मी रोज करतो, तोवर तो तिकडे आहे. मी थांबलो, तर तो गेला."

माझ्या ओठांवर आलं होतं की अहो, पिशवी बडवून कुणी जिवंत राहत नाही, आणि इथे एक पोर आहे, जिचा ताप तुम्हाला कळत नाही. पण तुमच्याकडे बघितलं आणि उठून चूल पेटवायला गेले. हा वाद आपला अर्धाच राहिला. अधूनमधून मी भाजी चिरताना तो मनातल्या मनात पुढे नेते. कधी तुम्ही जिंकता, कधी मी.

वादात नाही, पण वागण्यात मी हरले म्हणा. माझ्याच्याने बघवेना. तेव्हा निर्वासितांच्या कॅम्पातली देवीबाई आपल्या चाळीत पापड विकायला यायची. सिंधमधून आलेली, नवरा वाटेत गमावलेला, दोन लहान पोरं. तिला मी सहज सांगितलं. ती म्हणाली, "हमारे बाजू में हकीमसाहब है ना. उनको पूछो." मी तुम्हाला न विचारता तिच्याबरोबर कॅम्पात गेले. लष्कराच्या जुन्या बराकी, आत फळकुटं ठोकून एकेकाच्या चार चार खोल्या केलेल्या. हकीमसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. दाढी कुरवाळत म्हणाले, "शराब नहीं, तो सिरका सही, बेटी. सिरके पर तो सरकार ने रोक नहीं लगाई." आणि तुमची ती काड्या-मुळं घेऊन यायला सांगितलं.

सिरका म्हणजे आंबवलेला उसाचा रस; त्यात औषध मुरायला वेळ लागला. वास असा की शेजारच्या वहिनींनी विचारलं, कुणाकडे कैरी नासलीये का? पण हळूहळू गुण आला. तुम्ही तेवढे दिवस पिशवी बाजूला ठेवलीत, माझ्यासाठी की हकिमांच्या धाकाने, कोण जाणे. मग पुन्हा मुगापासून सुरुवात केलीत, शिकाऊ पोरासारखी. एका रविवारी मी पोळ्या लाटत होते. तुम्ही मागून येऊन माझ्या मानेवर बोट टेकवलंत आणि म्हणालात, "घामोळं आलंय तुला इथे." मी लाटणं तसंच धरून बसून राहिले. तुमच्या बोटांना माझं घामोळं कळलं होतं. अहो, त्या दिवसासारखा आनंद मला मालू झाली तेव्हाही झाला नसेल.

तो आनंद फार टिकला नाही.

दर दोन-तीन महिन्यांनी तुम्ही कॅम्पात औषध आणायला जायचात. त्या दिवशीही गेलात. देवीबाई पोरांना खोलीत ठेवून, बाहेरून कुलूप घालून पापड विकायला गेलेली. करते काय बिचारी, पोरं रस्त्यावर जातील ही धास्ती. आत शेगडीत विस्तव राहिला होता. त्यावर काय पडलं, कुणास ठाऊक. दरवाजाकडच्या बाजूने पेट घेतला. कुलपाची किल्ली देवीबाईच्या कमरेला, देवीबाई कुठल्या गल्लीत. लोक पाण्यासाठी धावले. मधल्या फळकुटांच्या पलीकडे पोरं किंचाळत होती, आणि अलीकडे हकिमांच्या खोलीत तुम्ही.

लोक सांगतात, एका फटक्यात भिंत फोडली. हकीमसाहेब तिथे होते, त्यांनी मला खरं काय ते सांगितलं. "बेटी, मैं चिल्ला रहा था, मारो, मारो! और वो आदमी तख़्तों पर हाथ फेर रहा था." तुम्ही चाचपत होतात. कुठली फळी सुकी आहे, कुठे गाठ आहे, कुठे खिळा लांब आहे. मग एका जागी थांबलात आणि हात सोडलात. फळी तडकली, फुटली नाही. दुसऱ्यांदा फुटली, आणि त्याच वेळी तुमच्या हातातलं काहीतरी मोडलं, ते हकिमांना ऐकू आलं. पण एका फळीच्या फटीतून पोरं निघत नव्हती. तुम्ही शेजारची फळी त्याच हाताने मारलीत. मोडलेल्या हाताने. किती वेळा, ते हकिमांनी मोजलं नाही. मीही विचारलं नाही.

मुलगी आधी बाहेर आली, मग मुलगा. केस जळालेले, बाकी धड. बराकीची ती बाजू कोसळली, पण माणूस एक गेला नाही.

तुम्हाला टांग्यातून घरी आणलं. हात पंच्यात गुंडाळलेला. मला वाटलं, रडाल, ओरडाल. तुम्ही म्हणालात, "सागवान नव्हतं. खोक्याचं देवदार होतं, म्हणून जमलं."

डॉक्टरांनी हाडं बसवली, प्लास्टर घातलं. ते काढलं, तेव्हा हात वाकडाच राहिला. मूठ वळेना. दोन बोटं कायमची आत दुमडली. तोवर मी तुम्हाला भरवत होते. डाव्या हाताने जेवायची तुम्हाला लाज वाटायची. मालू म्हणायची, "बाबा, आ करा." शेठ भले, त्यांनी तुम्हाला काढलं नाही. फाटकावर बसवलं, आल्यागेल्या गाड्यांवर लक्ष ठेवायला. मी लोकांचे मसाले कुटायला घेतले. मिरच्या, हळद, धने. पाट्यावर, उखळात, दिवसभर.

पडवीतला आवाज बंद झाला. मी सवयीने उजाडताना जागी व्हायचे आणि ऐकत पडायचे. तुम्हीही जागे असायचात. उठून पडवीत जाऊन नुसते बसायचात, हात मांडीवर. एकदा मी शेजारी जाऊन बसले.

तुम्ही म्हणालात, "आता त्याला कळायचं नाही."

"कुणाला?"

"मिस्त्रीला. थांबलो ना मी."

मी विचार करून म्हटलं, "कळलं असेल की. फळ्या फुटल्या, तेव्हा एवढा मोठा आवाज झाला. रंगूनपर्यंत गेला असेल."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग खांदे हलायला लागले. हसत होतात की रडत होतात, ते मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही.

देवीबाई परवा आली होती. पोरं बरोबर होती. मुलगी मालूएवढी झालीये. देवीबाईने पापडांचा एवढा मोठा पुडा पुढे ठेवला आणि म्हणाली, "भाभी, भाईसाहब ने मेरे से कभी एक पापड मुफ़्त नहीं लिया. आज तो रख लो." ठेवून घेतले. रागावू नका.

आता शेवटचं, तुम्ही जाण्याआधीच्या एका दुपारचं.

छातीत कफ भरला, ताप हटेना, म्हणून तुम्हाला ठाण्याच्या दवाखान्यात ठेवलं. मी सकाळी मसाले कुटून, मालूला शेजारी सोपवून यायचे. त्या दुपारी तुम्हाला जरा बरं वाटत होतं. बोलायला दम लागत होता, पण डोळे स्वच्छ होते. मी खाटेच्या कडेला बसून तुमचे पाय चेपत होते. तुम्ही खुणेने जवळ बोलावलंत. मला वाटलं, पाणी हवंय. तुम्ही माझा हात धरलात. डाव्या हाताने. उलटा केलात, सुलटा केलात, तळवा उजेडाकडे धरलात. तळव्याला हळद कायमची बसलेली, बोटांना मिरचीने भेगा पडलेल्या. तुम्ही एकेका भेगेवरून अंगठा फिरवलात.

"किती खरखरीत झालेत गं हात तुझे," म्हणालात. "याला कधी कुणी औषध लावलं नाही."

मी म्हटलं, "असू दे. माझ्या हाताला काय धाड भरलीये?"

तुम्ही ऐकलं नाहीत. माझा हात आपल्या छातीवर ठेवलात आणि चोळायला लागलात. तुमचा तो वाकडा उजवा हात खाली, आधाराला, आणि डावा वर. बोटन् बोट. सांधान् सांधा. औषध नव्हतं, काही नव्हतं. समोरच्या खाटेवरच्या माणसाची बायको टक लावून बघत होती. एरवी मी हात हिसकावून घेतला असता. त्या दिवशी म्हटलं, बघू दे.

तुम्ही चोळत राहिलात, दम लागला की थांबायचात आणि परत सुरू करायचात. आणि मला एकाएकी कळलं, मी किती दमले आहे ते. इतकी वर्षं कुणी विचारलं नव्हतं, म्हणून माझं मलाच माहीत नव्हतं. तुमच्या खाटेच्या कडेवर डोकं टेकवलं आणि बसल्या बसल्या मला झोप लागली.